वेदरकोटचा थोरला

पिस्कॅटवे, न्यू जर्सी
११ जानेवारी २०२६

प्रिय ताई,

“कागद चार दिवसांनी मिळेल, हा मुहूर्त पुन्हा मिळायचा नाही,” असं तू म्हणाली होतीस. एडिसनच्या त्या भाड्याच्या हॉलच्या पार्किंगमध्ये, दोन्ही हातांत हारांचे खोके घेऊन. वीस वर्षं होऊन गेली. तुला आठवतही नसेल. माझ्या डोक्यातून मात्र गेला आठवडाभर ते वाक्य जात नाहीये.

फोन तू उचलत नाहीस. मेसेजला अंगठा दाखवतेस. दिवाळीला पणतीचा फोटो येतो, तो गिरीश भाऊजींनी काढून पाठवलेला असतो हे मला कळतं. म्हणून कागदावर लिहितेय. फ्रीमाँटला पत्र पोचलं की तू ते वाचल्याशिवाय ठेवणार नाहीस, एवढी तुला ओळखते.

ह्यूचे ते लांबचे काका, लॉर्ड वेदरकोट, नोव्हेंबरमध्ये वारले. मूलबाळ नव्हतं. ह्यू असता तर आज तो सातवा बॅरन वेदरकोट झाला असता. पण ह्यूला जाऊन या फेब्रुवारीत तीन वर्षं होतील, म्हणून किताब त्याच्या थोरल्या मुलाकडे येतो. म्हणजे आपल्या अक्षतकडे, ज्याला एकोणिसाव्या वर्षीही मोज्यांची जोडी जुळवता येत नाही. नदीपलीकडच्या डॉर्ममध्ये राहतो आणि दर रविवारी कपड्यांची भली मोठी पिशवी घेऊन माझ्याकडे धुवायला येतो.

किताबाबरोबर काहीही येत नाही. घर सत्तर वर्षांपूर्वीच पाडलं, जमीन त्याआधी गेली. एक पेटारा आहे म्हणे, त्यात लाल मखमलीचा झगा, आणि त्याची फर कसरीने खाल्लेली. बाकी फक्त नाव. तरी गेल्या रविवारी धाकट्या कुशला दम धरवेना.

“दादा, तू लॉर्ड झालास की मी कोण?”

“तू? तू माझे शूज पॉलिश करणार.”

“आई, सी व्हॉट ही इज सेइंग!”

“बरोबर बोलतोय,” मी म्हटलं. “आधी स्वतःचे कर.”

खूप दिवसांनी तिघं एकदम हसलो.

आता अडचण. लंडनच्या वकीलबाईंनी आमच्या लग्नाचा दाखला मागितला. दाखला आहे तो ऑक्टोबर २००६चा. अक्षत जुलैचा. तो तीन महिन्यांचा असताना आम्ही नगरपालिकेत जाऊन सही केली, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत! आमचं खरं लग्न मे २००५मधलं. शुक्रवारी आम्ही लायसन्सला अर्ज केला आणि तिथे कळलं की बहात्तर तास थांबावं लागतं. मुहूर्त रविवारी अकरा त्रेचाळीसचा. तू ते वाक्य म्हणालीस आणि आपण कागदाशिवाय अक्षता टाकल्या. नंतर ते राहूनच गेलं.

वकीलबाई म्हणतात, त्या मे महिन्यात लायसन्ससह काही विधी झाला होता असं दोन साक्षीदारांनी शपथेवर लिहून दिलं आणि कागद ऑफिसात गहाळ झाले असं दाखवता आलं, तर म्हणणं मांडता येईल. साक्षीदार तू आणि भाऊजी. गुरुजी आता नाहीत. तेव्हा एवढंच लिहायचं की त्याच आठवड्यात घरी, कागद समोर ठेवून, पुन्हा एकदा चार मंत्र म्हटले गेले. यात कुणाचं काही जात नाही, ताई. उत्तराची वाट बघते.

तुझी रुचा


पिस्कॅटवे
३ फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड मिळालं. “जे झालं नाही ते झालं असं मी लिहिणार नाही. अक्षतला आशीर्वाद.” दोन ओळी. अक्षर अजून तसंच आहे, काना मात्रेपेक्षा उंच.

मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही. तेव्हाही तू अशीच पेन खाली ठेवून निघून गेली होतीस. लायसन्सच्या अर्जाला एक साक्षीदार लागतो म्हणून मी तुला नगरपालिकेत बोलावलं होतं. ह्यूच्या ग्रीन कार्डच्या कागदांत मला बायको म्हणून दाखवायचं होतं, त्याला सरकारी दाखलाच लागत होता. अक्षत माझ्या कडेवर रडत होता. काउंटरवरच्या बाईने विचारलं, आधी लग्न झालंय? मी ‘नाही’वर खूण केली. दुसरं काय करणार होते? याच माणसाशी झालंय, पण तुमच्या हिशेबात झालेलं नाही, असं लिहायला त्या अर्जात जागा नव्हती.

तू म्हणालीस, “मी आणि गिरीशने पाटावर बसून तुझं कन्यादान केलंय. ते झालंच नव्हतं असं मी लिहून देणार नाही.” आणि गेलीस. मग शेजारच्या दीपा काकूंना फोन करून बोलावलं. त्या बिचाऱ्या स्वयंपाक टाकून आल्या, हाताला कणीक लागलेली. माझ्या कायदेशीर लग्नाच्या साक्षीदार त्या.

तेव्हा वाटलं होतं, तुझा राग महिनाभर टिकेल.

आता हा किताब म्हणजे काय आणि अक्षतला तो का हवाय, तेही ऐक. तो पैशाला किंवा मोठेपणाला भुललाय असं तुला वाटत असेल. पहिला वेदरकोट आरमाराला दोरखंड पुरवायचा. राजाने खूश होऊन त्याला बॅरन केलं आणि सनदेत लिहून दिलं: किताब त्याच्या वंशातल्या औरस पुरुष वारसांकडेच जाईल. ‘औरस’ या एका शब्दावर सव्वादोनशे वर्षं सगळं चाललंय. गंमत अशी की आईवडिलांनी नंतर लग्न केलं तर आधी जन्मलेलं मूल आता इंग्लंडमध्येही औरस मानतात. घरादाराला, आडनावाला, सगळ्याला. फक्त अशा किताबाला नाही.

ह्यूकडे घराण्याची वंशावळ होती, टेबलाएवढ्या कागदावर. अक्षत सात-आठ वर्षांचा असल्यापासून दोघं रविवारी सकाळी ती जमिनीवर पसरून पालथे पडायचे. तिसऱ्या लॉर्डच्या खाली एक नाव आहे, टॉमस. त्याच्याकडे जाणारी रेघ सरळ नाही, नागमोडी आहे. तो थोरला, पण लिस्बनमध्ये जन्मलेला. आईवडिलांचं लग्न तिथल्या चर्चमध्ये झालं होतं की नाही, हे कुणालाच सिद्ध करता आलं नाही. किताब धाकट्याला गेला.

“हा असा का काढलाय?” अक्षतने विचारलं होतं.

“द पेपर्स वेअरन्ट इन ऑर्डर,” ह्यू म्हणाला. “पुअर चॅप.”

अक्षतने पेन्सिल आणली आणि पट्टी धरून ती रेघ सरळ केली. ह्यूने पुसू दिली नाही. ती पेन्सिलची रेघ अजून आहे.

ह्यू शेवटी हॉस्पिटलमध्ये होता तेव्हा अक्षत त्याला पेपर वाचून दाखवायचा आणि ह्यू म्हणायचा, “थँक यू, माय लॉर्ड.” पोराकडे वडिलांचं उरलंय ते एवढंच, ताई. ते मी त्याच्याकडून काढून घेऊ? आणि कशासाठी? तर अकरा त्रेचाळीस गाठायचं होतं म्हणून? मुहूर्त तुझा होता. मी फक्त पाटावर बसले होते.

रुचा


पिस्कॅटवे
१ मार्च

ताई,

मागचं पत्र टाकल्यावर चार दिवस मला वाटत होतं की टपालपेटी फोडून ते परत घ्यावं. आता निदान त्यातलं खोटं दुरुस्त करते.

आधी काय झालं ते सांगते. वकीलबाईंना पाठवायला म्हणून अक्षतने स्वतःच फाइल उघडली. मी कुशला पोहायला सोडून परत आले, तर तो जेवणाच्या टेबलाशी बसलेला. समोर दाखला आणि भिंतीवरून काढलेला आपला लग्नाचा फोटो. तोच, ज्यात ह्यूचं सोवळं तू चार सेफ्टी पिना लावून धरून ठेवलंयस आणि भाऊजी मागून म्हणतायत, “जावईबापू, पळायचं नाही हं, पिन सुटेल.”

“आई, मे महिन्याचं सर्टिफिकेट कुठे आहे?”

“हेच आहे रे.”

“हे ऑक्टोबरचं आहे. टू थाउजंड सिक्स. मी जुलैचा.”

मी पाणी प्यायले. तो थांबला.

“आय डोंट केअर अबाउट द लॉर्ड थिंग. ओके, आय केअर अ लिट्ल. पण ते जाऊ दे. मी झालो तेव्हा तुझं आणि डॅडचं लग्न झालेलं होतं का?”

“मावशीने मुहूर्त काढला होता ना, त्यामुळे...”

“मावशीचं नको सांगू. यस ऑर नो?”

मी दाखल्याची घडी घालायला लागले. तो फोटो उलटा ठेवून गेला. कपड्यांची पिशवी वॉशरपाशी तशीच होती. ती परत येऊन घेऊन गेला, न धुता. त्यानंतर तीन रविवार तो आलेला नाही.

आता दुरुस्ती. मुहूर्तानंतरच्या मंगळवारी लायसन्स तयार झालं होतं. मी ते जाऊन आणलं, एकटी. तीस दिवस चालतं ते. तीस दिवसांत कधीही गुरुजींना बोलावून, नाहीतर नगरपालिकेत जाऊन, पाच मिनिटांत काम झालं असतं. बारा दिवसांनी ह्यूने विचारलं, “शॅल वी?” मी म्हटलं, या आठवड्यात प्रोजेक्टची गडबड आहे. पुढच्या आठवड्यात त्याने परत विचारलं. मी परत काहीतरी सांगितलं. कागद माझ्या पर्सच्या आतल्या चेनच्या कप्प्यात होता. तीस दिवस मी तो बरोबर घेऊन फिरले आणि मग फाडून टाकला. ह्यूला सांगितलं, ताईच्या मुहूर्तापायी सगळा घोळ झाला. त्याच्या घरच्यांना सांगितलं. पुढे मुलांनाही गमतीत तेच सांगत आले. इतक्या वेळा सांगितलं की मलाही खरं वाटायला लागलं होतं.

कारण बाबा.

आई असती तर तिने बाबांना समजावलं असतं. ती नव्हती. नागपूरला शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवलेला माणूस, तुला पाठ आहे त्यांचं: “दत्तक वारस मान्य नाही म्हणून ज्यांनी आपलं नागपूरचं राज्य खालसा केलं, त्यांच्या घरात मनोहर देवपुजाऱ्याची मुलगी?” ते लग्नाला आले नाहीत. मला पत्र लिहून त्यांनी पुन्हा घरी येऊ नकोस म्हणून कळवलं होतं. तू मात्र त्यांना फोन करून सांगितलंस, बाबा, तुम्ही नाही आलात म्हणून मी आणि गिरीश पाटावर बसलो, रुचाचं लग्न लागलं. तेव्हापासून ते तुझ्याशी बोलले नाहीत. सात महिन्यांनी गेले, तोपर्यंत नाहीत.

माझ्याशी बोलायचे.

तुला याचं नेहमी नवल वाटायचं. एकदा तू विचारलंही होतंस, “लग्न तू केलंस आणि अबोला माझ्याशी, हा कुठला न्याय?” मी म्हटलं होतं, बाबांचं काही सांगता येत नाही.

जूनमध्ये त्यांचा फोन आला होता. त्यांनी नमस्कारसुद्धा घेतला नाही. “खरं सांग. लग्न झालंय?” मी पर्सकडे बघितलं. म्हटलं, “नाही बाबा. कायदेशीर काहीच झालेलं नाही. ताईने हौस म्हणून विधी केला.”

ते म्हणाले, “बरं. जेवलीस का?”

त्या ‘जेवलीस का’साठी मी ते केलं. पुढे ते जाईपर्यंत दर रविवारी मला तेच विचारायचे. एक दार उघडं ठेवायचं होतं मला, आणि त्यात तुझं दार लागलं, हे मला तेव्हाही कळत होतं. त्या फोननंतर चार दिवसांनी कागदाचे तुकडे केले. बाबांना सांगितलेलं खरं करून टाकलं म्हण हवं तर. पुढे नगरपालिकेत ‘आधी लग्न झालंय का’ला मी ‘नाही’ लिहिलं, ते दुसऱ्यांदा होतं. तू पेन खाली ठेवलंस तेव्हा मला वाटलं, हिला सगळं कळलंय. तुला काही कळलेलं नव्हतं. तुला फक्त तुझं कन्यादान खरं होतं एवढंच म्हणायचं होतं.

क्षमा मागायचं धाडस नाही. हे तुला माहीत असावं, इतकंच.

रुचा


पिस्कॅटवे
२९ मार्च

प्रिय ताई,

तुझ्याकडून काही आलं नाही. येईल अशी अपेक्षाही नव्हती. भाऊजींचा मात्र फोन आला. म्हणाले, “पत्र वाचून ती बागेत गेली आणि दोन तास गुलाब छाटत बसली. आता एका झाडाला पान नाही.” मग म्हणाले, “माझ्यावर नको विसंबू हं रुचा. मी तिच्या पलीकडे जाऊन काही करणार नाही.” मी म्हटलं, ठाऊक आहे.

अक्षतला मी सगळं सांगितलं. तुला लिहिलं ते सगळं, पर्सच्या कप्प्यासकट. तो आला होता, पिशवी न आणता. खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत होता, निघायच्या तयारीत असल्यासारखा. डॅडला हे माहीत होतं का, एवढंच त्याने विचारलं. मी नाही म्हटलं. मग त्याने वंशावळ मागितली.

ती आम्ही जमिनीवर पसरली. ह्यू गेल्यापासून पहिल्यांदा. टॉमसची पेन्सिलने सरळ केलेली रेघ अजून स्पष्ट दिसते. सगळ्यात खाली ह्यूने स्वतःच्या हाताने दोन्ही मुलांची नावं लिहिलेली आहेत, दोन सरळ रेघांनी. अक्षत आपल्या रेघेवर बोट ठेवून बघत राहिला. मला वाटलं, आता ती नागमोडी करणार. त्याने काही केलं नाही.

“गिव्ह इट टू कुश,” म्हणाला. “डॅडला ते संपायला नको होतं.”

कुश शेजारीच होता. म्हणाला, “मला नको. तो झगा स्टिंकी असणार.”

“घालायला नाही लागत रे, गाढवा.”

“मग दादा माझे शूज पॉलिश करणार?”

“इन युअर ड्रीम्स,” अक्षत म्हणाला आणि त्याच्या डोक्यावर टपली मारली. पण माझ्याकडे बघितलं नाही.

वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, कुशचा दावा सोपा आहे, कागद सगळे सरळ आहेत. अडचण एवढीच की थोरला भाऊ हयात आहे आणि मे २००५च्या समारंभाचे फोटो, निमंत्रणपत्रिका, सगळं आहे. उद्या कुणी म्हणू नये की तेच खरं लग्न होतं. म्हणून त्या विधीत स्वतः भाग घेतलेल्या एका माणसाने, नुसत्या पाहुण्याने नाही, लिहून द्यायचं की तो विवाह नव्हता. मी चालत नाही, मी आई. गुरुजी नाहीत. ह्यूच्या बाजूचं त्या दिवशी कुणी नव्हतंच. तू आणि भाऊजी उरता, आणि भाऊजी काय म्हणाले ते वर लिहिलंच आहे. असं कुणी लिहून दिलं नाही तर किताब तसाच पडून राहील. नाव किताबांच्या नोंदपुस्तकात राहील, पुढे कुणाचं नाव लागणार नाही.

मी हे अक्षतला सांगितलं. वाटलं होतं, तो म्हणेल, फरगेट इट. तो म्हणाला, “मावशीला विचार.”

“ती नाही म्हणेल. नगरपालिकेतही तिने सही केली नव्हती.”

“हो, तू सांगितलंस. का नव्हती केली?”

“कारण तिच्या लेखी आमचं लग्न मे महिन्यातच झालं होतं. त्यापुढे बाकी सगळं तिला खोटं वाटत होतं.”

त्याने माझ्याकडे बघितलं. सहा आठवड्यांत पहिल्यांदा. “त्या हॉलमध्ये असं वाटणारं अजून कोण होतं?”

मला ‘मी’ म्हणायचं होतं. पर्सच्या कप्प्याचं सांगून झाल्यावर ते म्हणता येईना.

“विचार तिला,” तो परत म्हणाला. “इफ शी साइन्स, ओके, फाइन, कुशला मिळू दे. अँड इफ शी डझन्ट...” वाक्य त्याने पुरं केलं नाही. गाडीच्या किल्ल्या उचलल्या. दारातून म्हणाला, “मला सांग ती काय म्हणते. तिने लिहिलं तर मला दाखव. मराठी वाचता येतं मला, हळूहळू.” आपल्या रविवारच्या मराठी शाळेत सहा वर्षं कुरकुरत गेला, ते असं कामाला येतंय.

मसुदा सोबत जोडला आहे. एकच वाक्य आहे. रविवार, २२ मे २००५ रोजी माझ्या उपस्थितीत रुचा आणि ह्यू यांच्यात जो समारंभ झाला तो विवाह नव्हता. खाली सहीची जागा.

ताई, मी खोटं बोलणार नाही, आता तरी नाही. तुझा नकार आला तर माझ्या आत कुठेतरी बरं वाटेल. तो कागद अक्षतच्या हातात द्यायला मिळेल, आणि मला जे म्हणता आलं नाही ते तुझ्या उंच कान्यांच्या अक्षरात तो वाचेल. पण ह्यूला ते नाव पुढे जायला हवं होतं, अक्षतलाही हवंय, आणि ते पुढे न्यायला दुसरा रस्ता नाही. नकार यावा म्हणून मी विचारते आहे असं समजू नकोस. मागच्या वेळी मी कागद चेनच्या कप्प्यात ठेवून वेळ काढला. या वेळी तो तुझ्यापुढे ठेवते आहे.

वीस वर्षांपूर्वी तू हेच लिहून द्यायला नकार दिला होतास, तेव्हा मी तुझी लाडकी होते. आज तर बाबांचा अबोला मीच तुझ्या पदरात टाकला हे तुला माहीत आहे. तरी तुझं उत्तर माझ्यावरच्या रागावरून ठरणार नाही, हेही मला पक्कं ठाऊक आहे.

तेव्हा विनंती करते, ताई. सोबतच्या कागदावर, जिथे फुली केली आहे तिथे, सही करून दे.

तुझी
रुचा